केवायसी अॅप: विद्यमान आमदार जोखायला कितपत कामाचं?

बँकेच्या केवायसीशी याचा संबंध नाही, हे ‘नो युवर कँडिडेट’, म्हणजे आपला उमेदवार ओळखा. निवडणूक आयोगाचं हे फुकट अॅप उमेदवाराचा पक्ष, अर्जाची स्थिती, गुन्हे आहेत की नाहीत ते आणि प्रतिज्ञापत्र दाखवतं. निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडायचा, नावावर टिचकी मारायची, पीडीएफ उतरवून घ्यायची. इथवर काम चोख.

पीडीएफ मात्र स्कॅन केलेली असते. शब्द शोधता येत नाही, पानं चाळावीच लागतात. विद्यमान आमदाराचा नमुना 26, म्हणजे हेच प्रतिज्ञापत्र, वाचताना आधी प्राप्तिकराचा तक्ता उघडा: गेल्या 5 वर्षांचं उत्पन्न, म्हणजे जवळजवळ अख्खी टर्म. मग सरकारी निवासस्थानाचा रकाना. गेल्या 10 वर्षांत असं घर मिळालं असेल, तर भाडं, वीज, पाणी, फोन थकलेला नाही याचा दाखला लागतो. मालमत्तेसाठी मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. किंमत फुगलेली दिसली म्हणून लगेच बोंब मारू नका, पुण्यात बाणेरात भावच तसे चढलेत. आधी गट नंबर आणि खरेदीची तारीख जुळवा.

खुर्चीचा खरा फायदा मात्र यात सापडत नाही. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी, उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख. तीही मोजतात उमेदवारी अर्ज ते निकाल एवढ्याच दिवसांची. त्याआधी वर्षानुवर्षं बाकांवर, ओपन जिमच्या पाटीवर ‘आमदार निधीतून’ म्हणून झळकलेलं नाव कुठल्याच हिशेबात नाही. आचारसंहितेत पाटीवर कागद चिकटवतात, तोवर नाव सगळ्यांना पाठ!

निधीचा हिशेब हवा तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची अट आहे, म्हणून एकच आर्थिक वर्ष घ्या आणि कामनिहाय मंजूर व खर्च रक्कम मागा. ‘सगळी कामं द्या’ असं लिहिलंत की मोघम म्हणून अडकलंच.

निधी असला की सीट पक्की, असंही नाही. 2024 ला पुणे शहरातल्या आठही जागांवर विद्यमान आमदार उभे होते. 6 परत आले, कसबा आणि वडगाव शेरीतले पडले. कसब्यातले तर 2023 च्या पोटनिवडणुकीतून आलेले, पाट्या रंगवायला पावणेदोन वर्षंही मिळाली नव्हती.

प्रतिज्ञापत्रांसाठी 5 पैकी 4, आमदारकीचं वजन मोजायला 1. आणि यादी माघारीच्या मुदतीनंतरच उघडा. आधी डमी, म्हणजे नंतर मागे घ्यायच्या पर्यायी अर्जांचीच गर्दी असते.