राजारामपुरीतलं स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग सेंटर : 5 पैकी 4 स्टार, खेळणाऱ्यांनी जावंच

मी पेठेतल्या फुटबॉल टीमकडनं विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं खेळतो, सीझनच्या आधीपासून इथं जातोय. कोल्हापुरात जिम आता गल्लोगल्ली झाल्यात पण पोरगं कुठला खेळ खेळतंय आणि मॅच कधी आहे हे बघून वजन लावणारी जागा मला तरी ही पहिलीच भेटली.

पहिल्या दिवशी बारला हात लावू देत नाहीत. एका पायावर स्क्वॉट (बैठक), बॉक्सवरनं उडी मारल्यावर गुडघा आत जातोय का, जुनी दुखापत कुठली, झोप किती, सगळं विचारून वहीत लिहितात आणि मग त्या वहीवरच पुढचं सगळं चालतं बघा.

शेजारी तालमीतली पोरं असतात, त्यांचा प्लॅन पूर्ण वेगळा. कुस्तीत 3-3 मिनिटांचे दोन राउंड आणि मध्ये 30 सेकंद, म्हणून त्यांचा दम तसाच तयार करतात, शिवाय मान, पकड, ओढायचे व्यायाम. दोर चढणं इथल्या कोच सरांनी बंद केलं नाही, उलट कमरेला वजन बांधून तेच वाढवलं. जोर-बैठकांना इथं कुणी नावं ठेवत नाही, फक्त शेकड्यानं बैठका मारून चिकाटी येते आणि जास्तीत जास्त ताकद पाहिजे तर वजनच वाढवायला लागतं, हे नीट समजावून सांगतात.

आमचं फुटबॉलवाल्यांचं म्हणाल तर मॅचमध्ये 10 किलोमीटरच्या आसपास पळणं होतं पण गोल होतो तो दोन-तीन सेकंदांच्या स्प्रिंटवर, नुसत्या रंकाळा तलावाला फेऱ्या मारून तो स्पीड येत नाही. सीझन नसताना स्क्वॉट आणि डेडलिफ्ट (जमिनीवरनं बार उचलणं) जड, एका सेटला 4 ते 6 रिप्स म्हणजे तेवढ्या वेळा उचलायचं, दोन सेटच्या मध्ये पूर्ण 3 मिनिटं रेस्ट. नव्या पोरांना ही रेस्ट म्हणजे टाइमपास वाटतो, पण धापा टाकत उचललं तर वजन कमी करावं लागतं आणि मग ताकदीचं कामच होत नाही. वजन कधी वाढवायचं तर शेवटच्या रिपनंतर अजून दोन निघाल्या असत्या असं वाटलं तरच, आणि चौथ्या आठवड्याला सेट निम्मे. नॉर्डिक कर्ल (गुडघ्यावर बसून, घोटे धरून ठेवून अंग हळूहळू पुढं सोडायचं) तर सगळ्यांना सक्तीचं, हॅमस्ट्रिंगच्या म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापती त्यानं जवळपास निम्म्यानं कमी होतात असं अभ्यासात दिसलंय.

मला सगळ्यात आवडलं ते मॅचच्या आठवड्यातलं काम. वजन तेवढंच ठेवतात, सेट कमी करतात, आणि मॅचच्या दोन दिवस आधी पायाचं जड काम बंद. ताकद टिकवायला आठवड्याला एक चांगलं सेशन पुरतं, स्पीड मात्र लवकर उतरतो म्हणून छोटे स्प्रिंट चालूच. मॅच हरली की दुसऱ्याच दिवशी पोरांना शिक्षा म्हणून पळवायची पद्धत आपल्याकडं अजून आहे, ती बंद व्हायलाच पाहिजे, त्या दिवशी अंगाला आराम लागतो.

पावडर विकत नाहीत, अंडी, दूध, मटण, कडधान्य यातनंच किलोमागं 1.6 ग्रॅम प्रोटीन कसं बसवायचं ते सांगतात.

एक स्टार कापला तो रॅक (बार ठेवायचे स्टँड) दोनच आहेत म्हणून, संध्याकाळच्या गर्दीत 3 मिनिटांची रेस्ट 7 मिनिटांवर जाते. फी पण साध्या जिमच्या दुप्पट. आणि मुलींची बॅच फक्त सकाळी, कॉलेजच्या मुलींना ती जमत नाही, संध्याकाळी सुरू कराच ही मनापासून विनंती.

लहान पोरांना घेतात का असं बरेच जण विचारतात, तर घेतात. वजनानं उंची खुंटते हे खरं नाही, शिकवणारा समोर पाहिजे एवढंच, आणि इथं पहिला महिना नुसती काठी घेऊन टेक्निक असतं. पहिल्या दिवशी आई किंवा वडील सोबत पाहिजेत आणि जाताना पोराच्या मॅचचं वेळापत्रक घेऊन जावा, तेच पहिलं मागतात.