बुलेटची चेपलेली टाकी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

टाकीचं काम झाल्यावर एक कडक उन्हाळा आणि ठाण्याचा अख्खा पावसाळा उलटून गेला, म्हणून आता खात्रीने लिहितोय. गॅरेजमधून बाहेर आल्या दिवशी सगळ्याच टाक्या चकाकतात. काम कसं झालंय ते दमट हवेत काही महिने काढल्यावरच कळतं.

गाडी १९९८ची बुलेट स्टँडर्ड ३५०, कास्ट आयर्न इंजिनची. आधीच्या मालकाने तिची कॅफे रेसर करून घेतली होती. सिंगल सीट, मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि फोर्कच्या नळ्यांवर खाली बसवलेलं क्लिप-ऑन हँडल. टाकी मात्र मूळची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी धक्क्याने गाडी आडवी झाली, हँडल पूर्ण वळलं आणि त्याचं टोक टाकीच्या डाव्या खांद्यात घुसलं. चेपा बोटभर लांबीचा, पण चांगलाच धारदार, आणि त्याच्या कडेचा रंगही तडकलेला.

दिल्लीच्या करोल बागेतून नवी टाकी मागवून टाक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. हाताळून पाहिलेल्या तयार टाक्यांचा पत्रा पातळ होता, शिवाय माझ्या गाडीच्या बदललेल्या फ्रेमवर त्यांचे माउंट जुळले नसते. आणि खरं सांगायचं तर सव्वीस-सत्तावीस वर्षं त्या इंजिनावर बसलेली टाकी भंगारात द्यायला मन धजेना.

रंग न घालवता आतून सळईने चेपा काढतात, ते आधी विचारून पाहिलं. त्यासाठी चेप्याच्या मागे सळई पोचावी लागते आणि रंग शाबूत असावा लागतो. इथे दोन्ही नव्हतं. एकाने कॉम्प्रेसरची हवा भरून टाकी फुगवायचा उपाय सांगितला. हे कुणीही करू नका. हवा चेप्यालाच ढकलेल असं नसतं. टाकीच्या पोटातली, फ्रेमच्या नळीवर बसणारी खाच आधी फुगते, शिवण फाटते, आणि फाटली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो.

शेवटी काम दिलं नवी मुंबईच्या रबाळ्यातल्या एका डेंटर काकांकडे. त्यांनी कामाचा भाव सांगायच्या आधी विचारलं, "टाकी धुतली का?" पेट्रोल काढून दोन दिवस उन्हात ठेवलीय म्हटल्यावर ते म्हणाले, "रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट." बरोबरच आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीला भडका उडतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत त्या वाफेला जागाच नसते, रिकामीत भरपूर असते. काकांनी टाकी गरम पाणी आणि डिटर्जंटने पुन्हा पुन्हा खळबळून धुतली आणि जिथे काम करायचं त्याच्या जवळपर्यंत पाणी भरूनच मशीनला हात लावला. तुमचा डेंटर एवढं करत नसेल तर टाकी उचलून घरी आणा.

रंग खरवडला आणि एकाचे दोन चेपे झाले. उजव्या बगलेला पंजाएवढा जुना खड्डा होता आणि त्यात कुणीतरी नुसती लांबी (पुट्टी) थापलेली. ती भिंतीच्या पोपड्यासारखी सुटून हातात आली, खाली पत्रा लाल गंजलेला. असं काम करणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. लांबी सपाटी आणण्यासाठी असते, खड्डा बुजवण्यासाठी नाही. जुनी गाडी घेताना फ्रिजवरचं पातळ चुंबक टाकीवर सगळीकडे फिरवा. जिथून ते घसरतं तिथे जाड लांबी आहे.

हा उजवीकडचा उथळ चेपा झाकणाच्या तोंडातून वाकडी सळई घालून बराचसा वर आला. डावीकडच्या धारदार चेप्यावर मात्र स्पॉटरने, म्हणजे छोट्या वेल्डिंग मशीनने, पिना चिकटवून स्लाइड हॅमरने (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या झटक्याने) ओढावं लागलं. इथे काकांचा हात पाहण्यासारखा होता. मधोमध जोर न लावता ते कडांपासून आत येत होते, प्रत्येक ओढीबरोबर बाजूचा उंचवटा हातोडीने हलकेच बसवत होते. घाईने मधूनच ओढलं तर पत्रा ताणला जातो आणि मग अंगठ्याने दाबला की डबडब आत-बाहेर होत राहतो. ओढून झाल्यावर उरलेली खोली एक-दीड मिलिमीटरची. तेवढीच लांबी वर चढली. पिनांच्या जागा साबणाचं पाणी लावून, सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरून तपासल्या. आतला गंज फॉस्फोरिक ॲसिडने काढला.

रंगाच्या बाबतीत दोन गोष्टींवर मी अडून बसलो. लांबीच्या आधी उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, कारण खाडीकाठच्या हवेत उघडा पत्रा रात्रीत लालसर होतो. आणि लांबी घासायची ती कोरड्यानेच, वॉटर पेपरने नाही. लांबी पाणी पिते आणि तेच पाणी पुढे रंगाखाली फोड होऊन वर येतं. वरचा रंग आणि क्लिअर (त्यावरचा पारदर्शक थर) हार्डनरवाला टू-के घेतला, कारण स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. सगळं मिळून खर्च दहा हजारांच्या थोडा आत राहिला.

आता निकाल. झाकणाभोवती पेट्रोल कितीदा सांडलं, पण रंग मऊ पडला नाही की फुगला नाही. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रोज आदळत जाऊनही पिनांच्या जागी ओल नाही. कार्ब्युरेटरच्या आधी लावलेला पारदर्शक फिल्टर पावसाळ्यानंतर उघडला तर गंजाचे कण जवळपास नव्हते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं, म्हणून पावसात झाकणाचं रबर बदललं आणि गाडी उभी ठेवायची असली की टाकी भरून ठेवली. आतून सीलर ओतायचा आग्रह झाला होता, तो मी मानला नाही. पत्रा आतून धड असताना उद्या सोलून सुटणारा थर घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

एक उणीव आहे. मे महिन्याच्या उन्हानंतर डाव्या खांद्यावर लांबीची कड अंधूक गोल रेषेसारखी दिसू लागली. दिवसा दिसत नाही, ट्यूबलाइटच्या तिरप्या उजेडात दिसते. लांबी थोडी बसली की असं होतं, आणि एक-दीड मिलिमीटरवर हे झालं तर जाड थरावर काय होत असेल याचा अंदाज करा.

एवढं सगळं होऊनही हँडल तसंच सोडलं असतं तर पुढच्या धक्क्याला चेपा पुन्हा पडला असता. फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या खालच्या योकवरचा, हँडलला ठरावीक जागी अडवणारा स्टॉपर झिजलेला होता. तिथे वेल्डिंगने भर टाकून घेतली. आता हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी टाकी आणि लिव्हर यांच्यात बोट सहज जातं. वळायला थोडी जागा जास्त लागते, नौपाड्याच्या गल्लीत ते जाणवतं, पण चालतं. काकांनी डाव्या खांद्यावरची ती रेषा टाकी न उतरवता घासून पुन्हा क्लिअर मारून द्यायचं कबूल केलंय. हवा कोरडी झाली की गाडी रबाळ्याला नेणार आहे.