चौपट किमतीचा आवाज टिळकवाडीच्या खोलीत

व्हार्फडेल डायमंड 12.1 आणि केईएफ एलएस50 मेटा हे दोन्ही लहान आकाराचे ब्रिटिश स्पीकर 2020 साली बाजारात आले. त्या वेळी ब्रिटनमध्ये केईएफची किंमत व्हार्फडेलच्या जवळजवळ चौपट होती. बेळगावात, टिळकवाडीतील एका स्नेह्यांच्या घरी, या दोन्ही जोड्या एकाच ॲम्प्लिफायरवर, एकाच जागी ठेवून ऐकण्याची सोय झाली. एरवी अशी तुलना करायची तर आपल्याकडच्या बहुतेकांना पुणे किंवा बंगळूर गाठावे लागते, आणि तेथील शोरूमची खोली काही आपल्या घरासारखी नसते.

तुलनेपूर्वी आवाजाची पातळी समान करून घेणे अत्यावश्यक असते. कंपन्यांच्या आकड्यांनुसार व्हार्फडेलची संवेदनशीलता 88 डेसिबल, तर केईएफची 85 डेसिबल आहे. म्हणजे तेवढाच आवाज काढण्यासाठी महागड्या स्पीकरला दुप्पट शक्ती लागते. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, त्यामुळे बटण तसेच ठेवून नुसते स्पीकर बदलले असते तर स्वस्त जोडीच सरस ठरली असती. दुकानात याच्या नेमके उलट घडवून आणणेही अवघड नाही. म्हणून आम्ही फोनवरील ध्वनिमापकाने दोन्ही जोड्या आधी एका पातळीवर आणल्या.

ऐकण्यासाठी मल्लिकार्जुन मन्सूर आणि आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व यांची ध्वनिमुद्रणे निवडली होती. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपनसंख्या सुमारे 69 हर्ट्झ येते. व्हार्फडेल 65 हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, आणि केईएफ मात्र 79 हर्ट्झपासून ओसरू लागतो, असे दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रके सांगतात. कागदावर पाहिले तर खर्ज स्वस्त स्पीकरमध्येच पूर्ण मिळायला हवा. प्रत्यक्षात तंबोऱ्याचा नाद मुख्यतः वरच्या स्वयंभू (तारेतून आपोआप उमटणाऱ्या) स्वरांनी भरलेला असतो आणि मूळ स्वर क्षीण असला तरी कान तो त्या स्वरांवरून जुळवून घेतो, त्यामुळे केईएफवर खर्ज हरवल्याचे कोठेही जाणवले नाही. उलट जवारीचा, म्हणजे तारेच्या झणकाराचा, बारीक उलगडा त्याच्यावरच अधिक स्पष्ट झाला. डग्ग्याच्या घुमाऱ्यात मात्र व्हार्फडेल भरीव वाटला, हे मान्य केले पाहिजे.

केईएफची खरी किंमत वसूल होते ती ऐकणाऱ्याच्या बसण्याच्या जागेबाबत. त्याचा ट्वीटर, म्हणजे उंच स्वर देणारा छोटा भाग, मुख्य शंकूच्या मध्यभागी बसवलेला असल्याने दोन्हींचा ध्वनी एकाच बिंदूतून निघतो, आणि ट्वीटरच्या मागच्या बाजूने निघणारा नको असलेला ध्वनी त्यामागील चकती 99 टक्के शोषून घेते, असा कंपनीचा दावा आहे. त्या टक्केवारीची शहानिशा घरी करता येत नाही. परंतु भिंतीला लागून मांडलेल्या दिवाणावर, अगदी कडेला बसलेल्या माणसालाही गायकाचा आवाज तसाच ऐकू आला. व्हार्फडेलसमोर कडेला सरकताच आवाजाचा पोत बदलत होता. आपल्या घरी पाहुणे खोलीभर पसरून बसतात, हे लक्षात घेता हा फरक चैनीचा म्हणता येणार नाही.

ॲम्प्लिफायर डेनॉनचा पीएमए-600एनई, 8 ओहमला 45 वॅटचा होता. तेवढ्या शक्तीवर केईएफ एका मीटरवर 101 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. त्याहून मोठा आवाज हवा असणाऱ्यांसाठी गणेशोत्सवात डॉल्बीच्या भिंती उभ्या असतातच. याच्या पाचपट किमतीच्या ॲम्प्लिफायरने या खोलीत काय साधले असते, ते मला दिसत नाही. डॅकचेही, म्हणजे डिजिटल संगीताचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाचेही, तेच. सीडीच्या 16 बिटांत सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचा जेमतेम 96 डेसिबलचा विस्तार मावतो, बरीचशी जुनी ध्वनिमुद्रणे त्याच्याही पुष्कळ अलीकडे थांबतात, आणि वर पंखा फिरत असतो. मग डॅकच्या 120 डेसिबल विस्ताराच्या आकड्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे?

केबलविषयी तर थोडक्यातच लिहितो. खडेबाजारातील इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीन मीटर अंतरासाठी वापरली, तर जाऊन-येऊन रोध सुमारे 0.04 ओहम होतो, आणि त्यामुळे होणारा फरक फार तर 0.1 डेसिबलच्या आसपास राहतो. एका विक्रेत्याने स्नेह्यांना याच कामासाठी स्पीकरच्या निम्म्या किमतीची केबल सुचवली होती. डोळे झाकून त्या दोहोंतला फरक ओळखून दाखवण्याची तयारी मात्र त्याने दर्शवली नाही.

खोलीचा प्रश्न या सर्वांहून मोठा निघाला. सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी, वर सपाट स्लॅब आणि लांबी 12 फूट: अशा खोलीत 47 हर्ट्झच्या सुमारास आवाज कोठे साचतो, तर कोठे नाहीसा होतो. दोन्ही जोड्या सुरुवातीला टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवल्या होत्या, आणि तेथे दोन्ही सारख्याच कोंदट वाजल्या. केईएफचा पोर्ट, म्हणजे खालच्या स्वरांसाठी ठेवलेले हवेचे भोक, पाठीमागे असल्यामुळे त्याला भिंतीपासून मोकळी जागा लागतेच. स्टँडवर, भिंतीपासून दोन फूट पुढे आणल्यावरच चौपट किमतीचा अर्थ ऐकू येऊ लागला. जमिनीवर नवलगुंदचा जमखाना अंथरल्याने टाळीचा खणखणाट थोडा कमी झाला, परंतु खालच्या स्वरांवर त्याचा परिणाम झाला नाही. त्यासाठी पुस्तकांनी भरलेली कपाटे आणि कापसाच्या जाड गाद्या फार तर थोड्या उपयोगी पडतात.

ज्यांना स्पीकर शोकेसमधून हलवता येणार नाहीत, त्यांनी व्हार्फडेल घ्यावा आणि उरलेले पैसे खुशाल बँकेत ठेवावेत. ज्यांच्याकडे जागा आहे आणि जे मुख्यतः गायन ऐकतात, त्यांना केईएफची शिफारस मी निःसंकोचपणे करीन, मात्र साध्या ॲम्प्लिफायरसह आणि खडेबाजारच्या वायरीवर.