कामशेतचा पॅराग्लायडिंग वर्ग : धाडसी आणि सावध, दोघांसाठीही

कामशेतजवळच्या ज्या संस्थेत मी पॅराग्लायडिंगचा प्राथमिक वर्ग केला, तिथल्या प्रशिक्षकांचे खरे कौशल्य शिकणाऱ्यांचे स्वभाव ओळखण्यात आहे. मार्व्हिन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये जिच्यासाठी मोजपट्टी मांडली, ती थराराची ओढ ज्यांच्यात अधिक, ते उड्डाणाला लवकर सरसावतात; मात्र वारा निवळेपर्यंत थांबण्याचा आणि हार्नेसचे पट्टे पुन्हा तपासण्याचा कंटाळाही त्यांनाच अधिक येतो, असे इथे दिसले. अशांकडून प्रशिक्षक मुद्दाम जास्त ग्राउंड हँडलिंग (जमिनीवरच राहून पॅराग्लायडरचे छत्र सांभाळण्याचा सराव) करून घेतात, तर काळजीखोरांना (त्यांत मीही होतो) आधी उताराच्या खालच्या टप्प्यावरून उडवतात. शुल्क जास्त आहे, जेवण बेताचे. पण वारा प्रतिकूल असताना कोणाच्याही हट्टापुढे ते नमत नाहीत, म्हणून हा वर्ग मी निःसंकोच सुचवेन.