काउंटरने १०० मेगाहर्ट्झ दाखवले आणि आम्ही फसलो

पुण्यात आमचं पाच जणांचं युनिट आहे. कारखान्यातल्या तपासणी कॅमेऱ्यांसाठी बोर्ड बनवतो. त्यात प्रोसेसर आणि एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं रचता येणारी चिप) पीसीआय एक्सप्रेस या वेगवान डेटा-लिंकने जोडलेले, दोघांना क्लॉक, म्हणजे तालाचे ठोके, एकाच ऑसिलेटरवरून. या ऑसिलेटरसाठी अधिकृत वितरकाने २० आठवडे थांबायला सांगितलं. एका व्यापाऱ्याकडे तोच पार्ट नंबर तयार होता, तोही स्वस्तात. ३०० नग घेतले.

तपासले होते, म्हणूनच जास्त लागतं. दहा नग फ्रिक्वेन्सी काउंटरला लावले, दहाही चोख १०० मेगाहर्ट्झ. पण काउंटर असंख्य ठोक्यांची सरासरी सांगतो. एकेक ठोका किती पुढेमागे पडतो, तो जिटर, त्यात दिसतच नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या लिंकवर एक बिट १२५ पिकोसेकंदांचा (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). क्लॉकच्या जिटरला मुभा जेमतेम १ पिकोसेकंद आरएमएस (एक प्रकारची सरासरी).

बोर्ड तापले की लिंक सेकंदाला ८ गिगाट्रान्सफरवरून (८ अब्ज बिटांवरून) २.५ वर घसरायची. आम्ही बोर्डच्या पॉवर सप्लायला दोष दिला. विजेतला गोंगाट गाळणारे फेराइट बीड बदलले, क्लॉकसाठी वेगळा एलडीओ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) टाकला, डिकपलिंग कपॅसिटर वाढवले. शेवटी बोर्डचा लेआउट नव्याने काढला. माझ्या सहकारिणीने रात्री जागून काढलेल्या पहिल्या लेआउटवर मी तिच्या तोंडावर संशय घेतला होता. दोन महिने गेले. पैशांपेक्षा ते बोलणं मला अजून खुपतं.

अखेर ओळखीच्या लॅबमध्ये फेज नॉइज अ‍ॅनालायझरवर, म्हणजे ठोक्यांचं हे पुढेमागे होणं मोजणाऱ्या यंत्रावर, नग लावला. १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) जिटर ०.३ पिकोसेकंद म्हणत होती, प्रत्यक्षात ४ च्या वर निघाले. मग भिंगाखाली धातूचं झाकण पाहिलं. एकाच दिशेने घासल्याचे बारीक ओरखडे, वर छापील अक्षरं. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसताच अक्षरं बोळ्यावर आली. अस्सल नगावर ती लेझरने कोरलेली असतात. कुठल्यातरी स्वस्त ऑसिलेटरवर महागड्याचं नाव चढवलं होतं.

व्यापारी म्हणाला, "तुम्हीच सोल्डर करताना तापवून खराब केलेत." न लावलेले, सीलबंद पाकिटातले नग दाखवतो म्हटल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

असा 'तयार माल' कुणी देत असेल, तर उत्पादकापासून तुमच्यापर्यंतची कागदपत्रं आधी मागा. एक नग अ‍ॅसिटोनने पुसा, दोन नगांचा फेज नॉइज मोजून घ्या. मोजणीला आम्हाला अर्धा दिवस लागला. पैसे त्यानंतरच द्या.