जंपरचे साउंड कार्ड घ्यावे की प्लग अँड प्ले?

पेंटियमच्या काळातला जुना संगणक डॉसवरचे खेळ खेळण्यासाठी पुन्हा उभा करताना आयसा (त्या काळच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणाऱ्या) साउंड कार्डाचे दोन पर्याय समोर येतात: आयआरक्यू क्रमांक, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक देण्याच्या वाटेचा क्रमांक, जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपणाने) ठरवायचे जुने कार्ड, किंवा 1993 नंतर आलेल्या प्लग अँड प्ले पद्धतीचे, ज्यात तो क्रमांक आपोआप ठरतो. आवाजाच्या दर्जाचा वाद येथे बाजूला ठेवतो, कारण माझा निर्णय त्यावर झालाच नाही.

मी आधी प्लग अँड प्ले कार्ड घेतले आणि बरेच दिवस माझी त्याविषयी काही तक्रार नव्हती. कॅबिनेट उघडावे लागत नाही, विंडोज 95 ते आपोआप ओळखते, आणि डॉससाठी कार्डाचा छोटा प्रोग्रॅम ऑटोएक्झेकमध्ये (डॉस सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फायलीत) घातला की भागते. पुढे फायली हलवण्याच्या सोयीसाठी मी पीसीआय (आयसानंतर आलेल्या खाचेचे) नेटवर्क कार्ड बसवले. बायोसने (संगणक सुरू होताच हार्डवेअरची जुळणी करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) त्याला 5 हा आयआरक्यू क्रमांक दिला, तोवर 5 वर असलेले साउंड कार्ड मुकाट्याने 10 वर सरकले, आणि खेळाच्या सेटअपमध्ये मात्र 5 तसाच राहिला. पार्श्वसंगीत व्यवस्थित वाजत होते, पण एखादे पात्र बोलू लागले की त्याचे पहिले अर्धे अक्षर अडकलेल्या तबकडीसारखे पुन्हापुन्हा उमटत राही. स्पीकर आणि केबल यांच्यावर संशय घेण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

कारण कळल्यावर हे लक्षण अगदी चोख वाटते. डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती हलवणारी यंत्रणा, आवाजाचा तुकडा मेमरीतून कार्डाकडे पोचवतो. तो संपला की कार्ड आपल्या आयआरक्यूवर हाक देते, 8259 हा नियंत्रक प्रोसेसरला थांबवून हाक कोणत्या क्रमांकाची आहे ते सांगतो, आणि मग खेळाचा हँडलर (हाकेला उत्तर देणारा भाग) बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, पुढचा तुकडा भरतो. माझा खेळ 5 वर कान लावून बसला होता आणि कार्ड 10 वर हाका मारत होते, त्यामुळे बफर भरला जात नव्हता आणि डीएमए जुनाच तुकडा फिरवत राहिला. एफएम संगीताला, म्हणजे कार्डावरची चिप स्वतःच तयार करते त्या स्वरांना, कार्डाच्या हाकेची गरज नसते. त्याचा ठेका आयआरक्यू 0 वरचा टायमर सांभाळतो, म्हणून तेवढे बचावले.

जंपरचे कार्ड या बाबतीत हट्टी असते, ठरवलेला क्रमांक सोडत नाही, आणि तो हट्ट मला मानवला. अर्थात तेही त्रासाचे आहेच: तुरीच्या दाण्याएवढे ते टोपण हातातून निसटले की टेबलाखाली शोधावे लागते, आणि माहितीपुस्तिका नसल्यास कार्डावरच्या पुसट अक्षरांवर भिस्त ठेवावी लागते. शिवाय बायोसमध्ये 5 हा क्रमांक लेगसी आयसासाठी (प्लग अँड प्ले नसलेल्या जुन्या कार्डांसाठी) राखून ठेवायला हवा, नाहीतर एखादे पीसीआय कार्ड तोच पटकावते. पीसीआय कार्डे आपापसांत एक क्रमांक वाटून घेतात, आयसाच्या बाबतीत मात्र तसे जमणार नाही असेच धरून चालावे. 7 वरही बहुधा निभावते, कारण तो प्रिंटरचा असला तरी डॉस छपाईसाठी सहसा त्या हाकेवर विसंबत नाही. तरीही मी 5 च निवडेन.

मुख्य वापर विंडोजचा असेल, तर माझे म्हणणे कदाचित लागू पडणार नाही. डॉससाठी मात्र जंपरचे कार्ड मिळत असताना दुसरे घ्यावे, असे मला वाटत नाही. माझ्या संगणकात त्यानंतर नेटवर्क कार्ड दोनदा बदलले, पण खेळाच्या सेटअपला हात लावावा लागला नाही. प्लग अँड प्ले कार्ड मी टाकून दिलेले नाही. दुसऱ्या एका विंडोज 98 च्या संगणकात ते 10 वर सुखाने चालते आहे.