मुलीच्या ‘निवडी’पायी गेलेले ७८,१०० रुपये

गेल्या उन्हाळी सुट्टीत सोलापुरातल्या एका हॉटेलच्या सभागृहात मालिकांसाठी बालकलाकारांची ऑडिशन असल्याची जाहिरात वाचून आम्ही आमच्या मुलीला तिथे नेले. ती नुकतीच तिसरीत गेली होती आणि स्नेहसंमेलनातल्या नाटुकलीत तिने न अडखळता काम केले होते. तीन दिवसांनी फोन आला की, नायिकेच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी वाहिनीने तिला पसंत केले आहे आणि जागा राखून ठेवायची तर ५,१०० रुपये नोंदणी शुल्क त्याच संध्याकाळपर्यंत भरावे लागेल.

आम्ही भरले. त्यानंतर २५,००० रुपये पोर्टफोलिओसाठी मागण्यात आले. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही अंधेरीतल्या त्यांच्या कार्यालयात गेलो, तेथे चार वेगवेगळ्या पोशाखांत, मोठ्या बाईसारखा मेकअप करून तिची साठ छायाचित्रे काढण्यात आली. लहान मुलांचा चेहरा काही महिन्यांत बदलतो, दात पडतात, उंची वाढते, म्हणून महागड्या पोर्टफोलिओचा त्यांना फारसा उपयोग नसतो, आणि मोबाइलवर काढलेले मेकअपविना साधे फोटो व छोटा व्हिडिओ यांवर पहिली निवड होऊ शकते, हे मला या क्षेत्रातल्या एका परिचित बाईंनी सांगितले. पण ते सगळे होऊन गेल्यावर.

पुढे भूमिकेचे नाव आणि दिवसाला ८,००० रुपये मानधन लिहिलेला करार आला, त्यापाठोपाठ ‘आर्टिस्ट कार्ड’चे १८,००० आणि परत मिळणार असलेली कपड्यांची अनामत म्हणून ३०,००० रुपये गेले. ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही गोरेगावच्या चित्रनगरीच्या फाटकावर उभे होतो. सुरक्षारक्षकाकडच्या यादीत मुलीचे नाव नव्हते आणि त्या नावाच्या मालिकेचे चित्रीकरणही तिथे चालू नव्हते. फोन बंद लागत होता. परतीच्या गाडीत मुलीने विचारले, “आई, माझं पाठांतर कमी पडलं का?” तिचे काहीही चुकलेले नाही हे तिला पटवायला आम्हाला कित्येक आठवडे लागले.

ज्यांच्या घरी आज असा फोन आला असेल त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की समोरचा माणूस कायद्याबद्दल काय विचारतो आणि काय विचारत नाही, याकडे लक्ष द्या. बालकामगार कायद्याच्या २०१७ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार चौदा वर्षांखालील मुलाला चित्रीकरणात घेण्यापूर्वी निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते; मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम घेता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा अधिक काम देता येत नाही, आणि त्याच्या उत्पन्नातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो. आमच्याकडे दोन महिन्यांत या परवानगीचा, शाळेच्या हजेरीचा किंवा मुलीच्या बँक खात्याचा विषय एकदाही निघाला नाही. पैसे मुलीच्या नावावर जमा व्हायला हवे होते, त्याऐवजी ते आमच्याच खात्यातून बाहेर जात होते, आणि तरीही आम्ही प्रत्येक वेळी पुढच्या हप्त्याची सोय करत राहिलो, कारण थांबलो तर आधीचे बुडतील अशी भीती होती.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आम्ही फोन केला तो लाजेपोटी नऊ दिवस वाया घालवून. तोवर आम्ही पैसे भरलेल्या खात्यांतली रक्कम काढून घेतली गेली होती. तो फोन पहिल्या तासातच करायला हवा होता. पोलीस ठाण्यात तक्रार देताना हवालदारांनी किती पैसे गेले हे आधी विचारले. मी मात्र अर्जाच्या पहिल्या ओळीत माझ्या मुलीची साठ छायाचित्रे, तिच्या आधार कार्डाची प्रत आणि आमच्या घराचा पत्ता त्या लोकांकडे आहे, एवढे लिहिले आणि रकमेचा तपशील त्याखाली दिला.